शाळेतला प्रोजेक्ट, एआय आणि पाच रिकामे रकाने

पीएचडीला प्रवेश मिळाला की कोर्सवर्कमध्ये तुम्हाला 'रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स' नावाचा दोन क्रेडिटचा विषय करावा लागेल. यूजीसीने तो सक्तीचा केलेला आहे. पूर्वी हा विषय थेट तिथेच भेटायचा. आता एआयच्या निमित्ताने त्याची एक छोटी आवृत्ती शाळांपर्यंत उतरली आहे. प्रोजेक्ट देताना मुलांना साधारण तीन गोष्टी सांगतात. कॉपी-पेस्ट करू नका. एआय वापरलं असेल तर शेवटच्या पानावर तसं लिहा. आणि स्वतःच्या शब्दांत लिहा, म्हणजे साम्याची टक्केवारी कमी येईल.

तिन्ही सूचना चुकीच्या नाहीत. माझा आक्षेप वेगळा आहे: तिन्ही सूचना फक्त मजकुराबद्दल आहेत. संशोधन म्हणजे मजकूर, असं आपण मुलांना न बोलता शिकवतोय. उद्या तुम्ही शिक्षक व्हाल, शाळेत परीक्षक म्हणून जाल किंवा स्वतःच्या प्रबंधाला बसाल, तेव्हा ही समजूत आड येणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही टक्केवारी कुठून आली ते बघा. यूजीसीचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक नियम आहेत. त्यात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीस पहिली पातळी, चाळीस ते साठ दुसरी, साठच्या वर तिसरी. नियम उच्च शिक्षणासाठी आहेत, पण 'दहा टक्के' हा शब्द एवढा पसरलाय की शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही तो फिरतो. सॉफ्टवेअर काय मोजतं? तुमची वाक्यं आधी कुठे छापलेल्या वाक्यांशी किती जुळतात, एवढंच. वाक्य खरं आहे का, हे ते मोजत नाही.

याचं अगदी मुंबईतलंच उदाहरण देते, शाळेबाहेरचं आहे पण मुद्दा नेमका सांगतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या याचिकेवर प्राप्तिकर खात्याचा एक करनिर्धारण आदेश रद्द केला. त्या आदेशात आधारासाठी तीन न्यायनिर्णय दिले होते आणि ते तिन्ही अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने म्हटलं की एआयच्या या काळात यंत्रणेने दिलेल्या निकालांवर लोक फार विसंबतात, पण अर्धन्यायिक काम करताना ते डोळे झाकून वापरायचे नसतात, पडताळून घ्यायचे असतात. आता विचार करा, ते तीन निर्णय साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घातले असते तर काय आलं असतं? जे जगात कुठेच नाही त्याच्याशी जुळणार काय? शून्य टक्के. आपण मुलांना जी परीक्षा पास व्हायला शिकवतोय, त्या परीक्षेत बनावट पुरावा पैकीच्या पैकी गुण घेतो.

आता हेच शाळेच्या पातळीवर आणू. आपल्या उपनगरांत पावसाळ्यातला हमखास प्रोजेक्ट म्हणजे पाऊस मोजणं. समजा मुलुंडची नववीतली एक मुलगी आहे. तिने पाण्याची बाटली कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळं केलं, पट्टी चिकटवली, आणि इमारतीच्या गच्चीत ठेवली. जुलै, ऑगस्ट रोज सकाळी शाळेत जाण्याआधी नोंद. मग गणपती आले आणि घरातले सगळे पाच दिवस कोकणात गेले. परत आल्यावर वहीत पाच रिकामे रकाने.

मोहाची जागा हीच आहे, आणि एआयच्या नीतीवरचं कुठलंही पत्रक इथे पोचत नाही. ती चॅटबॉटला म्हणते, माझ्या तक्त्यात पाच दिवसांचे आकडे नाहीत, भरून दे. तो भरून देतो. आधीच्या आकड्यांशी जुळतील असे, कमी-जास्त, अगदी खरे वाटणारे. वर एक छान आलेखही काढून देतो. कॉपी-पेस्ट कुठेच नाही. साम्य शून्य. शेवटच्या पानावर 'आलेखासाठी एआयची मदत घेतली' असं लिहिलंही जाईल, आणि तेही खोटं नसेल. तिन्ही नियम पाळून झाले आणि संशोधनातला सगळ्यात मोठा गुन्हाही घडून गेला. तुमच्या एथिक्सच्या पेपरात त्याचं नाव आहे: विदा-निर्मिती, म्हणजे न घेतलेली निरीक्षणं घेतल्यासारखी दाखवणं.

गंमत अशी, की ते पाच रिकामे रकाने तिच्या प्रोजेक्टमधला चांगला भाग होऊ शकले असते. 'या पाच दिवसांत नोंद नाही' असं लिहायचं. मग विचारायचं, आपल्या जवळ दुसरं कोणी मोजतंय का? महापालिकेची स्वयंचलित हवामान केंद्रं उपनगरांत आहेत. तिथला आकडा मिळाला तर तो वेगळ्या रकान्यात, वेगळ्या शाईने, कुठून घेतला ते लिहून. आपल्या रकान्यात नाही. का नाही, हे समजायला २६ जुलै २००५ आठवा. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यात ७३. दोन्ही वेधशाळा मुंबईच्याच, अंतर पंचवीसेक किलोमीटर. 'त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला' या प्रश्नाला एक उत्तर नाहीच. बॉट मात्र अशा प्रश्नाला बिनदिक्कत एक आकडा देऊन मोकळा होऊ शकतो.

अजून एक बारीक गोष्ट आहे, ती मला स्वतःला फार आवडते. हवामान खात्याचा पावसाचा 'दिवस' सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे २६ जुलैच्या दुपारी कोसळलेला तो पाऊस २७ च्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांतला आहे. आपली मुलगी शाळेसाठी साडेसहाला नोंद घेते. तिचा 'दिवस' आणि खात्याचा 'दिवस' दोन तासांनी वेगळा. साडेसहा ते साडेआठच्या मध्ये जोरदार सर आली तर एकच पाऊस दोन ठिकाणी दोन तारखांना जाईल. आकड्याला जागा असते, वेळ असते, मोजणारा असतो आणि मोजायचं साधन असतं. नववीच्या मुलीला एवढं कळलं तर एआयच्या उत्तराला काय विचारायचं हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही. ती आपोआप विचारेल: हा आकडा कुठल्या केंद्राचा, कधीचा?

मग एआय वापरायचंच नाही का? तसं मी म्हणत नाहीये. गच्चीत पाण्याच्या टाकीला लागून बाटली ठेवली तर काय बिघडेल, माझ्या पद्धतीत कुठे चूक होऊ शकते, सरासरी आणि मध्यक यात फरक काय, मराठीत समजावून सांग, हे सगळं त्याला खुशाल विचारावं. मराठी माध्यमाच्या ज्या मुलाच्या घरी विज्ञान समजावणारं कोणी नाही त्याच्यासाठी तर ही मोठीच सोय आहे. फक्त उत्तर पडताळायची जागा त्याच्या हाताशी हवी: पुस्तक, शिक्षक, किंवा स्वतः बाटली हलवून बघणं.

काही जण म्हणतील, एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं आहेत की. त्यांच्यावर विसंबू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा चुकीचा शिक्का बसला. साधी वाक्यं, मोजका शब्दसंग्रह, एवढाच त्यांचा अपराध. आता घाटकोपरच्या सेमी-इंग्रजी वर्गातलं मूल डोळ्यांसमोर आणा. जे प्रामाणिकपणे मोडक्या इंग्रजीत लिहितं, त्यालाच आपण पकडणार.

खरं तर आपल्याकडे यापेक्षा चांगलं साधन कधीचं आहे. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, सहावी आणि नववीसाठी. लेखी आणि प्रात्यक्षिकाच्या पुढे गेलेल्या मुलांना कृती संशोधन करावं लागतं आणि मुलाखत द्यावी लागते. समोर बसून कोणी विचारलं, 'बाळा, या आठवड्यात पाऊस एकदम कमी कसा दिसतो?' तर फाईल कोणी लिहिली हे दोन मिनिटांत कळतं. पीएचडीची तोंडी परीक्षा दुसरं काय असते?

पण या स्पर्धेचंही सगळं कौतुक करता येत नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत तिच्या तयारीचे क्लास आहेत, आणि जिथे क्लास असतात तिथे 'प्रोजेक्टला मार्गदर्शन' या नावाखाली तयार विषय आणि तयार उत्तरं यायला वेळ लागत नाही. शाळेच्या साध्या प्रोजेक्टची गोष्ट तर जुनीच आहे. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, आईने रात्री बारापर्यंत बसून सजवायचे, शाळेने सजावटीला गुण द्यायचे. बी.एड.ला कृतिसंशोधनाचे अहवाल याच वाटेने फिरतात, हे तुमच्यातल्या अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एआयने ही सवय लावलेली नाही, फुकट आणि झटपट केली एवढंच. म्हणून एआयविरुद्धचं एक व्याख्यान ठेवून शाळा मोकळी होते तेव्हा मला राग येतो. गुण कशाला द्यायचे ते तसंच ठेवून मुलांकडून फक्त नीतीची अपेक्षा करायची, हे सोयीचं आहे.

अडचण शिक्षकांचीही आहे, ती टाळून चालणार नाही. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यात तीन तुकड्या. प्रत्येकाची मुलाखत कधी घेणार? सगळ्यांची नाही घेता येणार. पण पाच मुलांच्या गटाला एक प्रोजेक्ट, आणि गुणांचा मोठा वाटा कच्च्या वहीला, हे जमण्यासारखं आहे. कच्ची वही म्हणजे खोडलेली, पावसात भिजलेली, 'आज विसरले' असं लिहिलेली. तपासताना गटातल्या कुठल्याही एकाला कुठल्याही एका रकान्याबद्दल विचारायचं. तारीख काढा, आकडा दाखवा, त्या दिवशी काय झालं ते सांगा. एका गटाला तीन-चार मिनिटं पुरतात. आणि रिकामा रकाना दिसला तर गुण कापायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचं. नाहीतर मूल तो भरणारच, एआयने नाही तर शेजारच्या वहीतून.

एक शेवटची गोष्ट, जी या सगळ्या चर्चेत विसरली जाते: दुसऱ्यांची माहिती. मुलं सोसायटीत सर्वेक्षण करतात, पाणी किती वापरता, घरात कोण आजारी आहे. मग नाव, फ्लॅट नंबरसकट तो तक्ता बॉटमध्ये टाकतात, 'निष्कर्ष काढ' म्हणून. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मधुमेहाची माहिती चौथ्या मजल्यावरच्या चिंगीला दिली होती, कंपनीला नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं मूल हे मूलच आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. युनेस्कोने त्याच वर्षी वर्गात अशी साधनं वापरायला किमान तेरा वर्षांची मर्यादा सुचवली. म्हणजे बालवैज्ञानिक स्पर्धेतली सहावीची बहुतेक मुलं त्या वयाच्या आतच आहेत. सर्वेक्षणाला जाण्याआधी नावाऐवजी 'घर १', 'घर २' लिहायला शिकवायला एक तास लागतो. तुमच्या स्वतःच्या प्रबंधाची नैतिकता समिती तुम्हाला हेच विचारणार आहे, तेव्हा सवय आत्तापासून करा. आणि ओळखीच्या एखाद्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून बोलावलं, तर तक्त्यासमोर उभं राहून आधी कच्ची वही मागा.