अभिप्राय कोणाचा आणि कशाचा?

अभ्यासक्रमाविषयी विद्यार्थ्यांचे मत विचारावे, हे तत्त्व आता आपल्या महाविद्यालयांनी मान्य केले आहे. मूल्यांकनाची भेट जवळ आली की फॉर्म वाटले जातात, वर्गप्रतिनिधींची बैठक होते, आलेख काढून फाइलला लावले जातात. तत्त्वाशी माझे भांडण नाही. परंतु अभिप्राय घेणे हे एक प्रकारचे मापन आहे, आणि मापन म्हटले की दोन प्रश्न विचारावेच लागतात. नमुना कोणता घेतला? आणि वापरलेले उपकरण नेमके काय मोजते?

आधी नमुन्याचे पाहू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानुसार वर्गप्रतिनिधी निवडणुकीने न ठरता गुणवत्तेवर ठरू लागला. मागील परीक्षेत चमकलेल्या विद्यार्थ्याला प्राचार्य नेमत. नाशिकची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न, त्यामुळे तेथेही हाच नियम. निवडणुकांतील हाणामाऱ्या टाळण्याचा हेतू समजण्यासारखा होता. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, पण २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांवर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एक माजी विद्यार्थी असतो. तोही पदव्युत्तर आणि गुणवंतच हवा!

म्हणजे अभ्यासक्रम कसा आहे, हे आपण बहुधा ज्याला तो पचला त्यालाच विचारतो. नाशिकचा द्राक्ष बागायतदार अशी चूक करणार नाही. काढणीआधी तो रिफ्रॅक्टोमीटरवर रसातील साखर पाहतो. उन्हात वाढलेल्या, डोळ्यांत भरणाऱ्या घडांचेच मणी तपासले तर आकडा छान येईल, पण माल आंबट निघेल. म्हणून तो निरनिराळ्या ओळींतून, सावलीतल्या घडांतून, घडाच्या वरच्या भागातून आणि टोकाकडूनही मणी घेतो.

आपल्या वर्गातले सावलीतले घड कोण? पेठ किंवा सुरगाण्याहून आलेला, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी घ्या. प्रथम वर्ष विज्ञानाच्या वर्गात त्याची अडचण चुंबकीय प्रवाहाच्या संकल्पनेची आहे की ती ज्या इंग्रजी वाक्यांतून येते त्यांची, हे तोच सांगू शकेल. पण तो प्रतिनिधी नसतो. पुष्कळदा वर्षअखेरीस तो वर्गातही नसतो. ज्याच्यापाशी सर्वांत मोलाची माहिती आहे, त्याच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही.

आता उपकरण. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ च्या आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले. त्यात प्रश्न थेट विद्यार्थ्यांकडे पाठवले जात, ही नमुन्याच्या दृष्टीने निश्चितच सुधारणा होती. पण पहिलाच प्रश्न पाहा. वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला? ८५ टक्क्यांच्या वर असेल तर सर्वोत्तम. हा आकडा शिक्षकाचा वेग सांगतो. मुलांना किती उमगले, याचा त्यात पत्ता नाही.

समाधान आणि शिकणे या दोन निराळ्या राशी आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण अधिक शिकलो असे वाटले. स्वतः उदाहरणे सोडवत धडपडणाऱ्यांना कमी शिकल्यासारखे वाटले. चाचणीत मात्र धडपडणारेच पुढे होते. मेहनत करावी लागली की माणसाला आपण मागे पडलो असे वाटते. तेव्हा समाधानाच्या गुणांवर शिक्षकाची बढती ठरू लागली, तर मुलांना धडपडायला लावणारा शिक्षकच आधी मार खाईल, आणि सोपे प्रश्न, सैल गुण यांना बरकत येईल.

मग अभिप्राय बंद करावा का? मुळीच नाही. विद्यार्थी ज्याचा साक्षीदार आहे, ते त्याला विचारावे. तास वेळेवर झाले का? फळ्यावरचे मागच्या बाकावरून दिसत होते का? प्रयोग स्वतः केला, की आकडे मित्राच्या जर्नलमधून उतरवले? कोणत्या तासाला, कोणत्या पायरीवर समजेनासे झाले? या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याइतकी खात्रीने दुसरे कोणी देऊ शकत नाही. किती शिकला, हे मात्र उत्तरपत्रिकेतील चुकांवरून आपणच शोधावे. ते काम त्याच्यावर ढकलू नये.

प्रतिनिधीची भूमिकाही बदलायला हवी. त्याने स्वतःचे मत सांगण्यापेक्षा नापास झालेल्या, गैरहजर राहणाऱ्या आणि वर्ग सोडून गेलेल्या सोबत्यांची मते गोळा करून आणावीत. ही मते निनावी असावीत, कारण अंतर्गत गुण ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध नावानिशी लिहिण्याचे धाडस थोडेच करतात. आणि सत्र संपण्यापूर्वी सूचनाफलकावर उत्तर लागावे: काय बदलले, काय बदलता आले नाही आणि का. उत्तर मिळत नाही असे एकदा कळले की मुले पुढच्या वेळी डोळे मिटून ‘उत्तम’वर खूण करतात.

शाळेतल्या शिक्षकाला यासाठी कायद्याची किंवा परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. तास संपताना प्रत्येकाकडून नाव न लिहिलेली एक चिठ्ठी घ्यावी: आज काय समजले नाही? चाळीस चिठ्ठ्या वाचायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्यांतली सर्वांत अडखळत लिहिलेली चिठ्ठी आधी वाचावी.