पक्षी राहिला, पाणी गेले

सिन्नरच्या एका शाळेत पक्ष्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. बहुतेक छायाचित्रे जवळच्याच निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरची होती. पिसे मोजता यावीत इतकी ती स्पष्ट होती. एका बगळ्यापुढे मात्र आम्ही अडलो. चौकटीत डोके, मान आणि काळी चोच एवढेच होते. बाकीचे कापून टाकलेले. हा लहान बगळा की मोठा?

लहान बगळ्याची चोच काळी असते. पण विणीच्या काळात मोठ्या बगळ्याचीही चोच काळी होते. आकारात दीडपट फरक असला, तरी शेजारी ओळखीचे काही नसेल तर तो छायाचित्रात कळत नाही. लहान बगळ्याच्या काळ्या पायांना पिवळी बोटे असतात. विद्यार्थ्याला सहज दिसणारी ही खूणही कात्रीत गेली होती. जाणकार जबड्याच्या रेषेवरून पक्षी ओळखील. सातवीतल्या मुलाने काय करावे?

कडा कापणे हा गुन्हा नव्हे. कॅमेऱ्याला डोळा लावतो तेव्हाच आपण काही आत घेतो, काही बाहेर ठेवतो. पक्ष्याच्या फार जवळ जाऊन त्याला उडवण्यापेक्षा लांबून टिपून नंतर कापणे केव्हाही चांगले. पण त्याची किंमत असते. रुंदी आणि उंची निम्मी केली, की २ कोटी ४० लाख पिक्सेलपैकी ६० लाखच उरतात. मग संगणकावर चित्राला 'धार' आणतात. तिने नवा तपशील मिळत नाही. कडेच्या दोन बाजूंमधील उजेड-अंधाराचा फरक तेवढा वाढतो.

चौकटीच्या आतले बदलणे ही मात्र वेगळी गोष्ट. 'नॅशनल जिओग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी आडवे छायाचित्र उभ्या चौकटीत बसावे, म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले गेले. त्यावर बरीच टीका झाली. बगळ्यामागची प्लास्टिकची पिशवी पुसणे हे त्याच जातीचे. कापल्याने काही सांगायचे राहते. पुसल्याने खोटे सांगितले जाते.

आमची मुख्य तक्रार वेगळीच आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामागे गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती वाढल्या. म्हणून तेथे पक्षी आले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले. रामसर करार आहे तो पाणथळ जागांसाठी. प्रदर्शनात मात्र गाळ, पाणी, वनस्पती, शेजारचे पक्षी काहीच नव्हते. होती ती गुळगुळीत हिरवी पार्श्वभूमी. पक्षी कशावर जगतो हे ज्याने पाहिले नाही, तो ते वाचवायला कसा पुढे येईल?

उपाय सोपा आहे. मूळ आणि कापलेले छायाचित्र शेजारी लावा. खाली ठिकाण, तारीख आणि केलेले बदल लिहा. मग मुलांना विचारा : कापताना काय काय गेले? धडा तेथूनच सुरू होईल.