पाहुण्याचे ताट : परदेशी शिक्षणाच्या मराठी लेखनातील अन्नाचा प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला निघाली. आईने जवसाची चटणी, येसर आणि कुरड्या वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिल्या. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत मात्र सल्ला होता, की तिथले पदार्थ चाखा, तिथल्या रानात फिरा, तिथल्या सणांत मिसळा. मुलीने मला विचारले, "काका, आपल्याकडचे आधी जे शिकायला गेले, त्यांनी काय केले? खाल्ले का तिथले?"

मी गडचांदूरसारख्या गावात राहून मिळेल ते वाचणारा माणूस. कपाटातली चार पुस्तके काढून उत्तर देऊ, असे वाटले होते. पुस्तके पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आले, की आपल्या या वाङ्मयात ताट वारंवार येते, पण त्याकडे पाहण्याच्या आपल्या नजरा दोनच आहेत. गेलेल्या माणसाने परके अन्न नाकारले, तर ती निष्ठा. आवडीने खाल्ले, तर ते मोकळे मन. ते ताट कोणी वाढले होते आणि 'नको' म्हणण्याची सोय जेवणाऱ्याला होती का, हे आपण सहसा विचारत नाही. हा प्रश्न विचारला, की ओळखीची पुस्तकेही निराळी दिसू लागतात.

सुरुवात अर्थातच आनंदीबाई जोशींपासून करावी लागते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, आहार आणि पोशाख बदलणार नाही, असे जाहीर केले होते. वय अठराच्या आसपास. समोरच्या समाजाने परवानगी द्यावी म्हणून केलेले ते निवेदन होते. पुढच्या काळात मात्र आपण ते व्रत म्हणून वाचले, आणि त्यांचे अमेरिकेतले प्रत्येक जेवण हे त्या व्रताची परीक्षा होऊन बसले.

काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले चरित्र आजही वाचावे ते त्यातल्या पत्रांसाठी. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या घरी आनंदीबाई आधी उतरल्या. त्या घराशी त्यांचे नाते मावशीचे जडले. तिथे शाकाहार ही अडचण झाली नाही, कारण घर प्रेमाचे होते. पाहुणीने नको म्हटले, तर यजमानीण दुखावत नव्हती. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना परिस्थिती पालटली. खोलीतली शेकोटी धूर करी. धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड उरे, असे चरित्रांतून दिसते. अभ्यास, आजारपण आणि परक्या गावात शाकाहाराची सोय हे सगळे एकाच शरीराने पेलायचे होते. 'नको' हा शब्द रोझेलमध्ये सहज निघत होता. फिलाडेल्फियात त्याची किंमत पडत होती.

श्री. ज. जोशींच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीने ही कथा घराघरांत पोचवली, हे तिचे ऋण मानलेच पाहिजे. पण कादंबरीचा सारा ताण नवरा-बायकोच्या नात्यात आहे. त्यामुळे आनंदीबाईंचा आहार हाही गोपाळरावांच्या हट्टाचा आणि पत्नीच्या निर्धाराचा एक प्रसंग होतो. खोली, शेकोटी, वेळ, पैसा या गोष्टी मागच्या पडद्यावर राहतात. आनंदीबाईंचा क्षय आहारामुळे झाला, असे मला अजिबात म्हणायचे नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. एवढेच म्हणायचे आहे, की जिला आपण निष्ठावंत म्हणून वंदन करतो, ती एक थकलेली विद्यार्थिनी होती, आणि तिच्या थकव्याचा हिशेब आपल्या समीक्षेने अजून मांडलेला नाही.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा प्रेक्षकांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांचे उदाहरण याहून अवघड आहे. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या. धर्म बदलला, पण मांसाहार त्यांनी केला नाही. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींना हा जातीचा जुना अभिमान वाटला. त्यावरून झालेली खडाजंगी त्यांच्या प्रसिद्ध झालेल्या पत्रव्यवहारात आहे. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की श्रद्धा आणि ताट यांची गाठ तुम्ही मारता, मी नाही.

या भांडणाकडे आपण दोन्ही बाजूंनी चुकीचे पाहत आलो. सनातनी वाचकाला त्यात उरलेसुरले हिंदूपण दिसते, सुधारक वाचकाला अपुरी सुटका दिसते. दोघेही एक गोष्ट विसरतात. रमाबाईंचा जन्म गंगामूळच्या रानातला, आणि दुष्काळात आई-वडिलांबरोबर भटकताना रानातली पाने खाऊन दिवस काढल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. भूक काय असते, हे त्या मठात त्यांच्याइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. अशा बाईला 'आमच्यासारखे खा' असे सांगणारा यजमान हा केवळ यजमान राहत नाही. ज्याच्या घरी आपण राहतो, ज्याच्या आधारावर शिकतो, त्याने पुढे केलेले ताट नाकारणे हा स्वाभिमानाचा प्रश्न होतो. रमाबाईंनी नाकारले ते पदार्थ कमी, आणि 'आश्रिताने कृतज्ञ राहावे' ही अपेक्षा जास्त.

मग त्या परक्या मुलखाला बंद राहिल्या का? मुळीच नाही. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) वाचा. शाळा, घरे, बायकांच्या संस्था, राज्यकारभार, निसर्ग, सगळ्यांत या बाईंना रस आहे. तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ताट स्वतःचे ठेवूनही डोळे आणि कान उघडे ठेवता येतात, याचा एवढा चांगला पुरावा मराठीत दुसरा नाही. 'तिथले खाल्ले नाही म्हणजे तिथले अनुभवले नाही' हे समीकरण या एका पुस्तकाने मोडते.

याच्या दुसऱ्या टोकाला पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' (१९६०). पु. ल. इंग्लंडला गेले ते दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायलाच. त्यांचा प्रवासी अनोळखी पदार्थापुढे बुजतो, मग स्वतःच्याच बुजण्याची थट्टा करतो. हे हसू निर्मळ आहे आणि त्याने आपल्या दोन पिढ्यांची भीड चेपली. पण ते का शक्य झाले, हेही पाहावे. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता. समुद्र ओलांडल्याबद्दल जाब विचारणारे उरले नव्हते, काय खाल्ले यावर परतीचे दार बंद होणार नव्हते. चव घेण्याची मोकळीक ही स्वभावाची देणगी असतेच, पण तिला परिस्थितीचीही परवानगी लागते. पु. लं.चे अनुकरण करणाऱ्या असंख्य प्रवासवर्णनांनी त्यांचे हसू उचलले आणि ही परवानगी गृहीत धरली. म्हणून ती पुस्तके उपाहारगृहांच्या याद्यांसारखी वाटतात.

आतापर्यंत आपण इथून गेलेल्यांबद्दल बोललो. आरसा उलटा धरला, तर काय दिसते? बाहेरचा कोणी आपल्या मुलखात शिकायला येतो, तेव्हा ताट आपले असते. त्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. गडचांदूर आज कोरपना तालुक्यात असले, तरी हा भाग जुन्या राजुरा तालुक्यातला. तो तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि चंद्रपूर जिल्ह्यात आला तो १९५९ मध्ये. त्याच आदिलाबाद जिल्ह्यात, माणिकगडच्या डोंगरांपलीकडे, मारलवाई नावाच्या गोंड खेड्यात १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ पत्नी बेटीसह येऊन राहिला. महायुद्धामुळे तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला होता आणि हैदराबाद राज्यात अडकून पडला होता. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्या उठावानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे समजून घ्यायचे काम निजाम सरकारने त्याच्यावर सोपवले.

'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' (१९४८) हा त्याचा ग्रंथ इथल्या माणसाने वाचला, तर एक गोष्ट प्रथम जाणवते. त्यात अन्न चवीच्या रूपात येत नाही, क्रमाच्या रूपात येते. नवे धान्य, नवे फळ देवांना आणि पूर्वजांना दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही. कोणत्या देवापुढे, कोणत्या कुळाने, कोणत्या वेळी, हे ठरलेले असते. आमच्याकडे आजही जुनी माणसे हा नेम पाळतात. दिवाळीत मोरपिसांचा टोप घातलेले गुसाडी गावोगाव नाचत जातात. त्यांना जेऊ घालणे हा पाहुणचार खराच, पण त्याआधी तो विधी आहे. 'स्थानिक पदार्थ चाखा' म्हणणाऱ्या माहितीपुस्तिकेला हे ठाऊक नसते. मोहफुले, टेंभरे, वास्ते, तरोट्याची भाजी हे सगळे चाखता येते, पण ज्या ऋतूत आणि ज्या नेमाने ते खातात, ते सोडून चाखले तर हाती फक्त जिभेची आठवण उरते. हायमेनडॉर्फने आधी नेम समजून घेतला, हे त्याचे मोठेपण.

पण तोच प्रश्न त्यालाही विचारायला हवा. नको म्हणण्याची सोय कोणाला होती? सरकारचे पत्र घेऊन आलेल्या गोऱ्या माणसाला मारलवाईचा पटेल दारातून परत पाठवू शकला असता का? ग्रंथातली सगळी आतिथ्ये या असमानतेच्या छायेत वाचली पाहिजेत. हायमेनडॉर्फच्या बाजूने सांगायचे ते हे, की त्याने घेतलेल्याची परतफेड केली. गोंडांच्या गेलेल्या जमिनींबद्दल त्याने शासनाला ठणकावून लिहिले, मारलवाईत गोंड शिक्षकांसाठी केंद्र उभे राहिले, गोंडी भाषेत देवनागरीतली पाठ्यपुस्तके तयार झाली. त्या काळात आपले सेतुमाधवराव पगडी सरकारी अधिकारी म्हणून याच जिल्ह्यात होते आणि त्यांनी गोंडी शिकून घेतली, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. हायमेनडॉर्फ दांपत्याच्या समाध्या मारलवाईतच आहेत. जेवून गेलेल्या पाहुण्याला गाव अशी जागा देत नाही.

परतफेडीचा विषय निघाला, की मला आमच्या विदर्भाचे पांडुरंग खानखोजे आठवतात. १८८४ मध्ये जन्मलेला हा वर्ध्याचा क्रांतिकारक अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत पडला आणि अनेक देश फिरून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचला. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवले आणि मक्यावर संशोधन केले. मका हे तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न. तेओसिंते हे मक्याचे रानटी भाऊबंद गवत. खानखोज्यांनी त्या दोघांच्या संकरावर काम केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा काढल्या. वीणा गवाणकरांनी 'नाही चिरा...' या चरित्रात हा सगळा प्रवास मराठीत आणला. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने एका भित्तिचित्रात पंक्तीच्या मध्यभागी बसून भाकरी मोडणारा माणूस रंगवला, तो खानखोजे, असे त्यांच्या कन्येने लिहिले आहे.

गवाणकरांच्या पुस्तकात क्रांतिकारकाचे साहस ठसठशीत आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण वाचक ते पुस्तक साहसासाठी वाचतो आणि मक्याची पाने उलटून पुढे जातो. खरे तर आपल्या विषयाचे सर्वांत पुढचे पाऊल तिथे आहे. परक्या देशाचे अन्न, तिथला निसर्ग आणि तिथला शेतकरी हे तिन्ही खानखोज्यांनी एकत्र पाहिले. परके ताट नाकारायचे की चाखायचे, या वादात ते अडकले नाहीत. ते पिकवणाऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले. शिकायला गेलेला माणूस याहून अधिक काय करू शकतो?

हे सगळे आज मला का महत्त्वाचे वाटते, ते सांगून थांबतो. आमच्या भागातली गोंड-कोलाम मुले सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत येतात. घरापासून अंतर तीस-चाळीस किलोमीटर असेल, पण त्यांच्यासाठी तोच परदेश. भाषा वेगळी, जेवण वेगळे, सणांच्या सुट्ट्याही दुसऱ्यांच्या. त्यांच्या हाती कोणी माहितीपुस्तिका देत नाही. वाढलेले खायचे, एवढेच. पुढे त्यांतला एखादा शिष्यवृत्तीवर खरोखर परदेशी जाईल, आणि त्याच्या तिथल्या जेवणाबद्दल कोणी लिहील, तेव्हा निष्ठा आणि मोकळे मन ही जुनी मापे पुरणार नाहीत. त्याने चव बदलली ती आवडीने की सक्तीने, हे आधी विचारावे लागेल.

त्या मुलीला मी गवाणकरांचे पुस्तक दिले. आणि सांगितले, की तिथे जे खाशील, जिथे हिंडशील, ते घरी कळवत जा. पण नुसता पदार्थाचा फोटो पाठवू नकोस. तो कोणी रांधला, त्याचे धान्य कुठून आले आणि तुला नको म्हणता आले असते का, हेही लिही. अशी पत्रे कोणी जपून ठेवली, तर शंभर वर्षांनी आमच्यासारख्या हौशी अभ्यासकाला आनंदीबाईंच्या शेकोटीसारखे धूसर तपशील चाचपडत बसावे लागणार नाही.