स्थिर घर, अस्थिर श्रम : दूरचित्रवाणीवरील विनोदी कौटुंबिक मालिका आणि कष्टकरी कुटुंब

प्रस्तावना

कथा, कादंबरी आणि नाटक यांच्या तुलनेत दूरचित्रवाणी मालिकांकडे मराठी समीक्षेचे लक्ष कमी गेले आहे. त्यातही विनोदी मालिका म्हणजे घटकाभराची करमणूक, असे मानून तिचा विचार बाजूला ठेवला जातो. वास्तविक कोणत्या कुटुंबाच्या जगण्याला समाज आपलेपणाने हसतो आणि कोणत्या कुटुंबाला केवळ हास्यास्पद ठरवतो, हा सांस्कृतिक सत्तेचा प्रश्न आहे. म्हणून मराठी प्रेक्षकाने पाहिलेल्या विनोदी कौटुंबिक मालिकांमध्ये श्रमावर जगणारे कुटुंब नेमके कोठे आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. या मालिकांत कष्टकरी माणूस आहे, परंतु त्याचे घर नाही. आणि हा अभाव योगायोगाचा नसून मालिकेच्या रचनेत व निर्मितीव्यवस्थेत त्याची कारणे आहेत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सिटकॉम : प्रकार आणि त्याची गृहीते

इंग्रजीत ज्या प्रकाराला सिटकॉम म्हणतात त्याची रचना साधी असते. एक ठरलेले घर, ठरलेली माणसे आणि त्यांचे ठरलेले स्वभाव. प्रत्येक भागाच्या आरंभी या घराची घडी कोणत्या तरी क्षुल्लक कारणाने विस्कटते आणि भाग संपता संपता ती पुन्हा बसते. पुढील आठवड्यात प्रेक्षक त्याच खोलीत, त्याच माणसांकडे परततो. या प्रकारातील आनंद परतण्याच्या या खात्रीत आहे.

ही खात्री मात्र फुकट मिळत नाही. तिच्यामागे तीन गृहीते उभी असतात : घर उद्याही तेच राहील, महिन्याचे वेतन ठरल्या तारखेला येईल आणि कुटुंबातील माणसे रात्री एका छपराखाली असतील. ज्याच्या आयुष्याला ही तिन्ही गृहीते लागू पडतात, त्याची फजिती सुखरूप असते. घसरून पडलेला माणूस पुन्हा उठणार, हे ठाऊक असल्यामुळेच आपण त्याला निर्धास्तपणे हसतो. सिटकॉमचा मध्यवर्ती विषय अशा रीतीने स्थैर्य हाच ठरतो.

चिमणराव ते टिपरे : पगारदार घराची परंपरा

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव आणि गुंड्याभाऊ या मानसपुत्रांवरील मालिकेने मराठी प्रेक्षकाला आपली म्हणावी अशी पहिली विनोदी कौटुंबिक मालिका दिली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आजही स्मरणात आहेत. चिमणराव हा कारकून. भित्रा, भाबडा आणि पुस्तकी मध्यमवर्गीय मनाचे हे हसरे रूप होते.

पुढे १९८८ मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारलेली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली ‘वागले की दुनिया’ ही हिंदी मालिका आली. अंजन श्रीवास्तव यांचा वागले हाही कारकूनच. २००१ पासून ‘अल्फा मराठी’वर आलेल्या आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत निवृत्त आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांचे घर आले. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर ती आधारलेली होती.

या तीनही कलाकृतींची गुणवत्ता निर्विवाद आहे. टिपरे कुटुंबात कर्कश भांडण नाही, कारस्थान नाही. साध्या गैरसमजातून विनोद फुलवण्याची तिची पद्धत आजही अभ्यसनीय वाटते. परंतु तिन्ही घरांचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे मासिक वेतन व निवृत्तिवेतन. येथे पैशाची चणचण असते, उपासमारीचे भय नसते. नोकरीतील साहेबाची धास्ती असते, काम उद्या मिळेल की नाही ही चिंता नसते. ‘सामान्य माणूस’ या नावाने आपण ज्याला ओळखत आलो तो प्रत्यक्षात पगारदार माणूस होता, हे लक्षात घेतले पाहिजे. २०२१ मध्ये ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीसह परतली तेव्हा वागले कुटुंब गृहनिर्माण सोसायटीत राहत होते. सामान्यपणाची व्याख्याही एव्हाना वरच्या मजल्यावर गेली होती.

येथे एक आक्षेप संभवतो. १९७० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगाराला कायम नोकरी होती, चाळीतील खोली होती, शेजारपाजार होता. म्हणजे सिटकॉमला लागणारे स्थैर्य त्याच्यापाशीही होते. मग त्याचे घर पडद्यावर का आले नाही? आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे आपले विधान थोडे दुरुस्त करावे लागते. स्थैर्य ही आवश्यक अट असली तरी पुरेशी अट नव्हे. त्या काळात दूरचित्रवाणी संच ही चैनीची वस्तू होती आणि लेखक-निर्माते ज्या वर्गातून येत, संचाचा मालकही बहुतांशी त्याच वर्गातील असे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच वर्षी दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र आले. पडदा रंगीत होऊन घरोघर जाऊ लागला तेव्हा गिरणगावाचे स्थैर्य मोडत होते. कामगार कुटुंबाचा सिटकॉम ज्या काळात शक्य होता त्या काळात तो लिहिला गेला नाही. आणि माध्यम विस्तारले तेव्हा ते कुटुंबच विस्कटले.

‘नुक्कड’ : घराविना समूह

या परंपरेला महत्त्वाचा अपवाद म्हणून १९८६ मधील ‘नुक्कड’चा उल्लेख करावा लागतो. सईद अख्तर मिर्झा आणि कुंदन शाह यांच्या या मालिकेत वायरमन गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, हॉटेलवाला कादरभाई, गणपत हवालदार आणि मद्यपी खोपडी अशी माणसे मध्यवर्ती होती. त्यांच्याकडे दयेने न पाहता बरोबरीच्या नात्याने पाहणारी ही मालिका होती. तथापि तिच्या शीर्षकातच तिची मर्यादा दडली आहे. नुक्कड म्हणजे रस्त्याचा कोपरा. येथे श्रमिकांचा समूह हेच कुटुंब आहे. चूल, संसार आणि मुलांचे शिक्षण हे केंद्रस्थानी नाही. मध्यमवर्गाला दिवाणखाना मिळाला आणि श्रमिकाला रस्ता. त्यानंतरच्या मालिकांत हा रस्त्यावरचा माणूस मोलकरीण, रखवालदार किंवा दूधवाला होऊन दुसऱ्याच्या दिवाणखान्यात येतो, आपल्या बोलीने हशा मिळवतो आणि दाराबाहेर पडतो. दाराबाहेर तो कोठे जातो, हे कॅमेरा पाहत नाही.

अन्य देशांतील अनुभव

हा अभाव या प्रकाराचा अटळ धर्म आहे काय? अमेरिकेतील उदाहरणे पाहता तसे म्हणता येत नाही. १९५५-५६ मधील ‘द हनीमूनर्स’चा नायक बसचालक होता आणि त्याचे घर म्हणजे जवळजवळ एक ओकेबोके स्वयंपाकघर. १९७१ ते १९७९ या काळातील ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका मालधक्क्यावरील मुकादमाच्या घरात घडते. रिचर्ड बुच या समाजशास्त्रज्ञाने अशा मालिकांचा चार दशकांचा पट तपासून एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे : मध्यमवर्गीय पिता शहाणा दाखवला जातो, तर श्रमिक पिता मूर्ख. घर मिळाले तरी प्रतिष्ठा मिळतेच असे नाही, हा त्याचा मथितार्थ.

१९८८ मध्ये सुरू झालेली ‘रोझॅन’ ही मालिका मात्र एक पाऊल पुढे गेली. तिची नायिका प्लॅस्टिकच्या कारखान्यात काम करते, साहेबाच्या जाचाला कंटाळून काम सोडते आणि मग एकामागून एक नोकऱ्या धरते. पतीचा धंदा बुडतो. घडी पूर्ववत बसत नाही. तरीही घर हसते. अस्थैर्य हीच ‘स्थिती’ मानून सिटकॉम लिहिता येतो, याचा हा पुरावा आहे.

आपली विसरलेली परंपरा

यासाठी परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. ‘गाढवाचं लग्न’ या हरिभाऊ वडगावकर यांच्या वगनाट्यात सावळा कुंभार आणि त्याची बायको गंगी हे दांपत्य केंद्रस्थानी आहे. शापित गंधर्व गाढवाच्या रूपात येतो ही अद्भुत कथा; पण प्रेक्षक हसतो तो कुंभाराच्या संसाराबरोबर. दादू इंदुरीकरांनी गाजवलेल्या सावळ्याला राजदरबारात जाब विचारण्याइतकी जीभ आहे. येथे श्रमिक हा विनोदाचा विषय असतानाच त्याचा कर्ताही आहे. गिरणी कामगाराच्या घरातून आलेल्या दादा कोंडके यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये हीच ताकद दाखवली. ही परंपरा चित्रपटात गेली. मालिकेत ती पोहोचली नाही. आजच्या विनोदी कार्यक्रमांतील प्रहसनांत तिचे अंश दिसतात, परंतु प्रहसन काही मिनिटांत संपते. दर आठवड्याला परतावे असे घर ते उभारत नाही.

कोयता : एका कुटुंबाचे नाव

कुंभार पिंपळगाव, घनसावंगी आणि अंबड या गोदाकाठच्या परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल आधी खर्चलेली असते, मजुरी नंतर फिटत जाते. कामाचा दिवस चुकला की खाडा. राहण्यास फडाजवळची कोपी. सिटकॉमची तिन्ही गृहीते येथे उलटी होतात : घर दर हंगामाला बदलते, पैसा कामाआधी येऊन संपतो आणि म्हातारी माणसे व शिकणारी मुले अनेकदा गावीच राहतात.

या कुटुंबाबद्दल वृत्तपत्रांत लिहिले जाते, अहवाल निघतात. परंतु सर्वत्र ते ‘समस्या’ म्हणून येते. त्याच्या बोलण्यातील मिश्कीलपणा, उचलीवरून होणारी घासाघीस, वाढे विकण्यातील हिशेबीपणा, नवरा-बायकोची थट्टा यांना पडद्यावर जागा नाही. ज्याचे फक्त दुःखच दाखवले जाते त्याला आपण पूर्ण माणूस मानत नाही. गरिबीला हसू नये, हे खरे. परंतु गरीब माणूस स्वतः हसतो, हे नाकारणे हीदेखील एक प्रकारची अवहेलनाच होय.

यामागे बाजाराचे एक उघड कारण आहे. प्रेक्षकसंख्येची मोजणी दीर्घकाळ शहरी घरांपुरती होती. ‘बार्क’ या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण घरांची आकडेवारी दिली. तत्पूर्वी आपल्यासारख्या गावातील प्रेक्षक पाहत होता, पण मोजला जात नव्हता. त्यानंतर ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६), ‘लागिरं झालं जी’ (२०१७) आणि कोकणी मातीतील ‘गाव गाता गजाली’ (२०१७) अशा मालिकांतून गाव पडद्यावर ठळक झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ‘तुझ्यात जीव रंगला’मधील गावाच्या मध्यभागी जमीनदाराचा वाडा होता. गाव मोजले गेले, तरी त्यातील कोपी मोजणीबाहेरच राहिली.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, विनोदी कौटुंबिक मालिकेने ज्याला सामान्य माणूस म्हटले तो पगारदार मध्यमवर्ग होता. दोन, श्रमिकाला या मालिकांनी रस्ता किंवा दुसऱ्याचे दार दिले, स्वतःचे घर दिले नाही. तीन, अस्थिर जगण्यातूनही हा प्रकार फुलू शकतो, याची साक्ष ‘रोझॅन’ देते आणि श्रमिकाच्या संसाराला मानाने हसण्याची रीत आपल्या वगनाट्यापाशी आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचे महत्त्व केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या वर्गात बसणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचे आईवडील कोयता होऊन गेलेले असतात. विनोदाचा पाठ शिकवताना आपण त्यांच्यापुढे चिमणरावाची फजिती ठेवतो आणि ते मनापासून हसतात. त्यांच्या घरातील हसू मात्र अभ्यासक्रमातही नाही आणि पडद्यावरही नाही. पडदा आपल्या हाती नसला तरी वर्ग आहे. लेखनकौशल्याच्या तासाला ‘आमच्या घरातील एक गमतीचा प्रसंग’ हा विषय देऊन तो प्रमाणभाषेची सक्ती न करता लिहू द्यावा. कोपीतल्या घराची मालिका कोणी लिहिणार असेल, तर तिचा लेखक याच बाकांवर बसलेला असण्याची शक्यता अधिक आहे.