वगळलेली छायाचित्रे

मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार संगणकास ओळखता येतो, हे गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले. सुमारे १,२८,००० छायाचित्रांवर शिकविलेल्या यंत्राचे निदान तज्ज्ञांच्या निदानाशी मोठ्या प्रमाणात जुळले. निबंधाचे हे यश निर्विवाद होय. तथापि एका चाचणीसंग्रहातील ९,९६३ छायाचित्रांपैकी प्रमुख गणना पूर्णतः वाचनीय ठरलेल्या ८,७८८ छायाचित्रांपुरतीच होती. वाचता न येणाऱ्या छायाचित्रामागील रुग्णाचे काय, हा प्रश्न प्रमुख गणनेच्या कक्षेबाहेर राहिला.

त्या प्रश्नाचे महत्त्व थायलंडमधील चिकित्सालयांत प्रत्ययास आले. ११ चिकित्सालयांची पाहणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तदनुसार १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के यंत्राने अपुऱ्या दर्जाची म्हणून नाकारली. अंधार करता येईल अशी स्वतंत्र खोली बहुतेक ठिकाणी नव्हती. यंत्राची ही सावधगिरी रास्तच. परंतु तिच्यापायी रुग्णास निदानाविना अन्यत्र तज्ज्ञाकडे जावे लागे.

अचूकता आणि उपयुक्तता या दोन भिन्न कसोट्या आहेत. यंत्र हस्ताक्षर ओळखणारे असो वा विद्यार्थ्यांची उत्तरे तपासणारे असो, किती नमुने वगळले व कोणत्या कारणास्तव, हे संशोधकाने यशाच्या टक्केवारीशेजारीच नमूद करणे अगत्याचे आहे.