भूकंपाच्या धड्यात भिंत कुठे आहे?

भूकंपावरचा शालेय धडा बहुधा भूपट्ट, केंद्र आणि रिश्टर यांवर संपतो. माणसे मरतात ती मात्र भिंतींखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. भूकंपाची महत्ता होती ६.२ च्या आसपास. तिथल्या दगडमातीच्या भिंती चांगल्या जाड होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये नुसती भर, आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्याने थर सुटले आणि भिंती कोसळल्या. जाडी म्हणजे मजबुती नव्हे. वस्तुमान वाढले की हादऱ्याचे बलही वाढते, हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमातच आहे. मग धड्यात भिंतीचा एक छेद का नसावा?