गळलेले दोन शब्द

देशोदेशींचे कायदे एकमेकांसारखे कसे होतात हें पाहावयाचें, तर त्यांचीं कलमें भाषांतराप्रमाणें मूळाशीं ताडून वाचावींत, असें आम्हांस वाटतें. माणसांच्या व्यापाराविरुद्धचा २००० सालचा पालेर्मो करार भारतानें २०११ सालीं मान्य केला. त्यांतील 'सक्तीचे श्रम' हे शब्द फेब्रुवारी २०१३ च्या वटहुकुमानें दंडसंहितेच्या ३७० व्या कलमांत आले. एप्रिलच्या कायद्यांत ते गळले, आणि 'शारीरिक शोषण' असा मोघम प्रयोग आला. २०२४ पासून चालू असलेल्या न्यायसंहितेनें भीक मागविणें जोडलें. हे शब्द मात्र परत घेतले नाहींत. आलेले शब्द काढले गेले, तेव्हां ही नजरचूक म्हणवत नाहीं. वांद्र्यांतील आमच्यासारख्यांच्या घरीं दलालानें फसवून आणलेली मोलकरीण राबत असेल, तर तिच्या बाजूनें बोलणारे नेमके शब्द तेच होते.